साइडकारमधलं सामान

वाईहून सांगलीला जायचं तर सातारा, कराड, इस्लामपूर असा सरळ रस्ता आहे आणि शहाणी माणसं त्यानंच जातात. आम्ही माणच्या दुष्काळी मुलखातून गेलो. एक तर मोठ्या रस्त्यावरचे ट्रक साइडकार लावलेल्या स्कूटरला रस्त्याचा हिस्सा द्यायला तयार नसतात. दुसरं म्हणजे तात्यांना त्यांच्या बहिणीला भेटायचं होतं. तिसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आडवळणाची, चढाची, खडीची वाट मला हवीच होती. सपाट डांबरी रस्त्यानं जाऊन मला काही सिद्ध करता आलं नसतं.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, फौजेत ड्रायव्हर होते. आणि गाडी म्हणजे त्यांची जुनी स्कूटर. तिची ओळख आधी करून देते, म्हणजे पुढचा घोटाळा समजेल.

दीडशे सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. क्लच आणि चार गिअर डाव्या मुठीत, अॅक्सिलरेटर उजव्या. चाकं लहान आणि साइडकारसकट तिन्ही एका मापाची, त्यामुळे एक स्टेपनी तिन्हींना चालते. दिव्याचा उजेड इतका बेताचा की अंधार पडला की आपणच थांबावं. इंजिनाला गार ठेवायला एक पंखा, तो इंजिनाबरोबरच फिरतो. म्हणजे चढावर इंजिन दमलं की नेमका पंखाही दमतो. या इंजिनाला वेगळं तेल नसतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्याचं माप ठरलेलं. कमी पडलं तर पिस्टन आत धरून बसतं आणि जास्त झालं तर ठिणगीचा प्लग काळा पडून गाडी बंद पडते. एवढं एक पथ्य सांभाळलं तर बाकी ती गरीब आहे.

माझा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असतो. गुडघ्याची कडी लावली की पाय ताठ होतो आणि मी उभी राहते. स्कूटरचा ब्रेक मात्र उजव्या पायाखाली. तात्यांनी फळीखालून एक गज टाकून ते पेडल डाव्या पायाकडं आणलं आणि साताऱ्यात डाव्या अंगाला साइडकार बसवून घेतली, म्हणजे थांबताना पाय टेकायला नको. किक मी गाडीच्या उजव्या अंगाला उभी राहून डाव्या पायानं मारते. बघायला ते बरं दिसत नाही. पण गाडी चालू होते.

आता सांगलीत काय काम होतं ते सांगते. तिथल्या एका महिला संस्थेला खेड्यापाड्यांतल्या बालवाड्या तपासायला बाई हवी होती. मी मुलाखतीला एसटीनं गेले. संस्थेच्या कार्यवाह वयस्कर, पांढऱ्या पातळातल्या, बोलायला फार मऊ. त्यांनी माझी प्रमाणपत्रं वाचली, माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काम फिरतीचं आहे हो. एकटीनं हिंडायचं. तुम्हाला कशाला त्रास?"

त्या मऊपणानंच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी स्कूटर चालवते."

"आणि वाटेत बंद पडली म्हणजे?"

"म्हणजे चालू करते."

त्या जराशा हसल्या. "मग पुढच्या सोमवारी तीनच्या आत इथं गाडीवर या. चालवत या. दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी तोवर थांबवते."

घरी येऊन हे सांगितलं तर तात्यांनी तंबाखू चोळता चोळता निर्णय देऊन टाकला. "मी येनार."

"मग मी एकटी कशी गेले म्हनायचं?"

"साइडकार मोकळी न्हेलीस तर डाव्या वळनाला तिचं चाक उचलतंय. वजन पायजे. मी वजन."

मी अट घातली. गाडीला हात लावायचा नाही, पान्याला हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही.

"न्हाई देत," तात्या म्हणाले. "मी सामान हाय असं समज."

वर्धनगडचा घाट

रविवारी सकाळी निघालो. माहुलीला कृष्णा ओलांडली, कोरेगाव मागं टाकलं. डावं वळण आलं की मी ओरडायची, "तात्या, डावं!" आणि तात्या साइडकारमधून डावीकडं अंग झोकून द्यायचे. वळण संपलं की पुन्हा ताठ बसायचे. दोन-चार वळणांत आमचं जमून गेलं.

वर्धनगडच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि तिथून हलेना. इंजिनाचा आवाज जड झाला, मागून गरम वाफारा यायला लागला. मी तात्यांकडं बघितलं. ते उतरून चालले असते तर गाडीला हलकं वाटलं असतं.

"काय बघतीस? सामान उतरून चालत न्हाई," ते म्हणाले आणि आकाशाकडं बघत बसले.

मग मीच अर्ध्यावर गाडी थांबवली, तिन्ही चाकांना दगड लावले आणि इंजिन निवेपर्यंत कठड्यावर बसले. मागं कोरेगावची हिरवी शेतं होती आणि घाट चढून गेलं की पलीकडं रंगच बदलत होता. आम्ही वाईची माणसं पाण्यात वाढलेली. कृष्णेच्या घाटाच्या पायरीवर बसून पाय नदीत सोडायचे, ही आमची विश्रांती. पुढच्या मुलखात पाणी एवढं सहज भेटणार नव्हतं.

पुसेगावला चहाला थांबलो तेव्हा हाटेलातली सगळी माणसं बाहेर आली. एका पटकेवाल्यानं तात्यांना विचारलं, "आवं पावनं, बाईमानूस गाडी हाकतंय आनि तुमी बसून? काय दुखतंय का?"

"न्हाई, मी सामान हाय."

"सामान च्या पितंय व्हय?"

"पितंय की. साखर जादा टाका."

मला हसू आवरलं नाही. पण हे सगळे माझ्या कॅलिपरकडं बघत होते आणि मला ते झोंबतही होतं. चहा तसाच ठेवून मी उठले आणि पहिल्या किकेला गाडी चालू केली. पहिल्या किकेला झाली, हे माझं नशीब.

आत्याचं घर

दहिवडीच्या पुढं रस्ता कच्चा होतो. दोन्हीकडं माळ, कुसळी गवत, मधूनच बाभळीचं झुडूप. एका ठिकाणी मेंढरांनी रस्ता अडवला. मी हॉर्न वाजवला. आमचा हॉर्न इतका मऊ की मेंढरांनी आपलाच कुणी तरी समजून तिकडं दुर्लक्ष केलं. धनगरानं नुसती एक शीळ घातली आणि कळप दुभंगला.

आत्या, म्हणजे तात्यांची थोरली बहीण, वेशीवरच उभी होती. दोन्ही मुलगे मुंबईला, घरात ती आणि तिच्या शेळ्या. गाडी बघून तिनं आधी साइडकारमधल्या भावाला हाताला धरून उतरवलं आणि मग मला विचारलं, "सुमे, रस्ता लागला का गं? ह्या रस्त्याची खडी मी फोडलीया. दुस्काळात."

"बरी फोडलीस आक्का, बारीक हाय," तात्या पाठ चोळत म्हणाले.

पाय धुवायला एक तांब्या पाणी मिळालं, दोघांत. आमच्याकडं एवढं पाणी चूळ भरायला घेतात. मी कॅलिपर सोडून ओट्यावर बसले तेव्हा आत्यानं माझा बारका पाय मांडीवर घेतला आणि त्यातल्याच ओंजळभर पाण्यानं धुतला. मग आतून करडईचं तेल आणून तो पाय चोळायला बसली. घाण्याचं तेल, उग्र वासाचं, घरच्या करडईचं. "लांब जायचं तर तेल पायजे बाय. मानसाला काय, जनावराला काय." तिचे हात खडीसारखेच खरबरीत होते. मला फार बरं वाटलं.

जेवायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. आमच्याकडं हुलगे बैलांना घालतात, असं मी बोलून गेले. आत्या म्हणाली, "म्हून तुमचे बैल गुटगुटीत आनि मानसं वाळकी." आणि तिनं माझ्या ताटलीत आणखी माडगं ओतलं.

दिवस मावळायच्या आत मी सीट उचलून टाकीत काडी घातली, पेट्रोल किती उरलंय ते बघितलं. आत्या शेजारी उभी होती. "ही काय खाती?"

"पेट्रोल पिती," तात्या म्हणाले. "आनि त्यातच तेल पिती."

"तेल?" आत्या मान डोलवत म्हणाली. "शानी हाय."

सकाळी निघताना मडगार्डवर कुंकू होतं, हँडलला झेंडूचं फूल होतं. आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला तेव्हा तिच्या तळव्यांना तेलाचा वास येत होता. काल माझा पाय चोळला त्याचाच असेल, असं मला वाटलं.

मायणी

थोड्या वेळानं तात्यांनी नाक वर केलं. "सुमे, भजी कोन तळतंय?"

आजूबाजूला घर तर सोडाच, झाडसुद्धा नव्हतं. आरशात बघितलं तर मागं रस्ताच दिसत नव्हता. पांढऱ्या धुराचा लोट, त्यात घाण्याचा उग्र वास. इंजिन दोन-तीनदा ठसकलं आणि बंद पडलं.

प्लग काढला. त्यावर काळा चिकट राप, तळणीच्या कढईला बसतो तसा. मग सीट उचलली, टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. तात्यांनीही साइडकारमधून वाकून घेतला. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"आक्कानं पाजलं," तात्या हळूच म्हणाले. "बैलाला लांब न्ह्यायचं असलं की आदुगर तेल पाजत्यात न्हवं का, नळीनं. तिनं गाडीला पाजलं. तांब्याभर तरी असंल."

मला आधी संताप आला, मग हसू आलं, मग सांगलीतलं तीनचं घड्याळ डोळ्यांपुढं आलं. टाकी ओतून टाकावी तर पुढचा पंप विट्याला. न ओतावी तर दर थोड्या अंतरावर हाच तमाशा.

माझ्याकडं दोन प्लग होते. एक आत, एक साफ करायला. तारेच्या ब्रशनं घासायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचा, बसवायचा, कडी लावून उभं राहायचं, किक. चार-पाच किकांनी गाडी उठायची आणि भजी तळत पुढं जायची. पुन्हा ठसकायची, पुन्हा थांबायचं. तापलेला प्लग काढताना बोटं भाजली. पातळावर काळे डाग पडले. तात्या साइडकारमध्ये दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले होते. फौजेत या माणसानं बर्फातून ट्रक काढले होते. लहानपणी मला शाळेत त्यांनीच खांद्यावरून नेलं होतं, चिखलात पाय घसरू नये म्हणून. त्यांना बसून राहणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं.

मायणीच्या स्टँडवर एसटी उभी होती. पाटी सांगलीची.

तात्या उतरले. पहिल्यांदाच, स्वतःहून. "सुमे, ऐक. ह्या गाडीनं जा तू. वेळंत पोचशील. स्कूटर मी मागनं आनतो, सावकाश. त्या बाईला सांग वाटंत हाय म्हून."

"न्हाई."

"अगं नोकरी जाईल."

"एष्टीनं गेल्यावर जाईलच की, तात्या. एष्टीनं मी मागंपन गेली होती. तवाच तर त्या न्हाई म्हनाल्या."

"उशिरा पोचलीस तर?"

"तर उशिरा पोचंन. पन चालवत पोचंन."

कंडक्टरनं घंटी दिली. एसटी धूळ उडवत निघून गेली. तात्या तिच्याकडं बघत उभे राहिले. मग येऊन साइडकारमध्ये बसले आणि मांडीवर पिशवी घेतली. त्या क्षणी मला खरंच भीती वाटत होती. आता मागं फिरायला काही उरलं नव्हतं.

विटा, तासगाव

वाटेत एक गोष्ट सुचली, आणि ती आधी का सुचली नाही म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. टाकीत तेल जास्त आहे ना? मग वरून नुसतं पेट्रोल टाकायचं. ऑइल न घालता.

विट्याच्या पंपावर मी तसं सांगितलं तर पंपवाला हादरला. "आवं ताई, टू-स्ट्रोक हाय ही! ऑइल न्हाई घातलं तर इंजन धरंल!"

"आत तेल आहे."

"कसलं?"

"करडईचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. "काका, ह्या काय म्हनत्यात?"

तात्या समोर बघत म्हणाले, "मला काय इचारू नगा. मी सामान हाय."

टाकी गळ्यापर्यंत भरली. मी दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली, आतलं सगळं एकजीव व्हावं म्हणून. पहिल्यांदा काही फरक पडला नाही. मग धुराचा पांढरा रंग फिका झाला. तासगावच्या अलीकडं मी पहिल्यांदा चौथ्या गिअरवर टिकून राहिले. रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे मांडव दिसायला लागले होते, दगडी खांबांवर तारा ताणलेले. आमच्याकडं असं काही नाही. थांबून बघावंसं वाटत होतं, पण थांबले नाही. "तात्या, डावं!" आणि तात्या झुकत होते.

प्लग त्यानंतरही दोनदा साफ करावा लागला.

सांगली

संस्थेच्या फाटकातून आत शिरले आणि व्हरांड्यासमोर, कार्यवाहबाईंच्या देखत, गाडी ठसकली आणि बंद पडली. मागून उरलासुरला धूर आला आणि सगळं अंगण तळणीच्या वासानं भरून गेलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. फार नाही, पण गेले होते.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी ते गिळलं. खाली उतरले, गुडघ्याची कडी लावली, उजव्या बाजूचं झाकण काढलं, प्लग उतरवला, दुसरा बसवला, झाकण लावलं. सगळं अंगण बघत होतं.

कार्यवाहबाई तात्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसून काय राहिलात? उतरून जरा मदत करा की मुलीला!"

तात्यांचा चेहरा लाल झाला होता. दोन्ही हातांनी साइडकारची कड धरली होती. तरी ते जागचे हलले नाहीत. "मला उतरता येत न्हाई, बाई. मी सामान हाय. वाईपासनं."

मी किक मारली. एक, दोन, तीन. चौथीला गाडी उठली आणि छान, एकसारखी वाजायला लागली.

बाई पायऱ्या उतरून खाली आल्या. माझ्या काळ्या हातांकडं बघितलं, पातळाकडं बघितलं. "म्हणजे बंद पडते तर."

"पडते," मी म्हटलं. "आणि चालू होते."

"उशीर झाला तुम्हाला."

"झाला."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "खेड्यात जायला उशीर होतोच. एक तारखेला रुजू व्हा. आणि हा वास कसला आहे हो? मघापासून भूक लागलीय मला."

मग चहा आला, भडंग आलं. तात्यांनी तेव्हा कुठं साइडकारमधून पाय बाहेर काढले आणि रुमालानं डोळे पुसले. धूर लय झाला म्हणाले.

परतताना कराडवरून सरळ आलो. घरी इंजिनाचं हेड उघडलं तर पिस्टनवर काळी खरवड होती. ती खरवडून काढताना आत्याचा फार राग राग करावा असं ठरवलं होतं, तो काही आला नाही. तिनं निरोप पाठवला होता, तेल लागू पडलं का म्हणून. मी उलट निरोप दिला, पडलं.

महिनाअखेरीस तात्या मला सांगलीच्या खोलीवर पोचवायला आले. अर्थात गाडी मीच चालवली. दुसऱ्या दिवशी त्यांना एसटी स्टँडवर सोडलं. खिडकीतून ते म्हणाले, "आता माज्या वजनाचं पोतं ठिव आत. वाळूचं. इसरू नगं." बस हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, नुसतं माझ्याकडं बघत राहिले.

स्टँडमधून बाहेर पडताना पहिलंच वळण डावं होतं. सवयीनं मी वळले आणि मोकळ्या साइडकारचं चाक जमिनीवरून वर उठलं. कशीबशी गाडी सावरली, रस्त्याच्या कडेला थांबवली आणि तिथंच बसून रडले. इतके दिवस, मला एकटीला सोडवत नाही म्हणून ते वजनाचं निमित्त काढतात, असं मी समजत होते. निमित्तही होतं आणि वजनही होतं.

पलीकडं घर बांधायचं काम चाललं होतं. गवंड्याकडून पोतं भरून वाळू घेतली, त्याच्याकडूनच ती साइडकारमध्ये ठेवून घेतली. परवा मी पहिल्यांदा फिरतीवर निघाले. मिरजेकडं जाताना वळण आलं.

"तात्या, डावं!" मी ओरडले.

पोतं हललं नाही. चाक जमिनीवर राहिलं.